जुन्या व्हॅनच्या इंजिनातील कमी कॉम्प्रेशनचे निदान

अंतर्ज्वलन इंजिनाच्या सिलिंडरमध्ये घेतलेला वायू दट्ट्याने (पिस्टनने) जितका दाबला जावा तितका दाबला न जाणे, या दोषास कमी कॉम्प्रेशन किंवा अपुरे संपीडन असे म्हणतात. दीर्घकाळ वापरलेल्या व्हॅनमध्ये हा दोष वारंवार आढळतो. गाडी उशिरा सुरू होणे, चढावर ओढ न लागणे, इंधन जास्त लागणे आणि इंजिन थरथरणे ही त्याची सर्वसाधारण लक्षणे होत. मात्र हीच लक्षणे इतर साध्या बिघाडांमुळेही दिसतात. त्यामुळे इंजिन उघडण्यापूर्वी दाब मोजून दोषाचे स्थान निश्चित करणे हा निदानाचा मुख्य हेतू असतो. दोष इंजिनाच्या वरच्या भागात (हेडमध्ये) आहे की खालच्या भागात (ब्लॉकमध्ये), यावर दुरुस्तीचा खर्च आणि गाडी बंद राहण्याचा काळ अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जुनी व्हॅन हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. सोलापूर जिल्ह्याच्या पंढरपूर तालुक्यातील करकंब हे पंढरपूर–टेंभुर्णी मार्गावरील मोठे गाव आहे. ऊस, द्राक्षे आणि डाळिंबे पिकविणाऱ्या या परिसरात, इतर अनेक बागायती भागांप्रमाणेच, शाळेची मुले, दूध, भाजीपाला, मंडपाचे सामान आणि पंढरपूरला जाणारे वारकरी यांची ने-आण करण्यास व्हॅन उपयोगी पडते. अशा गाडीचे इंजिन आठवडाभर उघडून पडले तर मालकाचे तेवढ्या दिवसांचे उत्पन्न बुडते. अंदाजाने इंजिन उघडणे म्हणूनच महागात पडते.

या वर्गातील सर्वांत परिचित गाडी म्हणजे मारुती व्हॅन. मारुती उद्योग कंपनीने ती १९८४ मध्ये बाजारात आणली. पुढे ती ‘ओम्नी’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे ७९६ घन सेंमी. क्षमतेचे, तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन पुढच्या आसनांखाली बसविलेले असते. त्यामुळे तपासणीसाठी आसन उचलावे लागते. डिझेल व्हॅनमध्ये पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची (आताची फोर्स मोटर्स) मॅटाडोर ही गाडी दीर्घकाळ प्रचारात होती. दोन्ही प्रकारांत निदानाचे तत्त्व एकच आहे. मापनाची साधने आणि दाबाचे आकडे मात्र वेगळे असतात.

संपीडनाचे तत्त्व

एतिएन लन्वार याने १८६० मध्ये तयार केलेल्या वायू-इंजिनात मिश्रण न दाबताच पेटविले जाई. त्यामुळे त्यात इंधन फार खर्च होत असे. निकोलाउस ऑटो याने १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन यशस्वी केले. त्यात मिश्रण आधी दाबून मग पेटविले जात असल्याने तेवढ्याच इंधनातून अधिक काम मिळू लागले. आजच्या पेट्रोल इंजिनाचा पाया हाच आहे. म्हणून संपीडन कमी झाले की इंजिनाची शक्ती आणि काटकसर दोन्ही एकदम घटतात.

ओम्नीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी. आणि दट्ट्याची धाव ७२ मिमी. असते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये दट्ट्या सुमारे २६५ घन सेंमी. जागा मोकळी करतो. उदाहरणादाखल संपीडन गुणोत्तर ९ : १ मानले, तर दट्ट्या वर पोहोचल्यावर जवळपास ३०० घन सेंमी. वायू ३३ घन सेंमी. जागेत कोंबला जातो. ही जागा तीन ठिकाणी बंद असावी लागते : वर झडपा (वॉल्व्ह) आपल्या बैठकींवर घट्ट बसलेल्या असाव्यात, बाजूने दट्ट्याच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला टेकलेल्या असाव्यात आणि हेड व ब्लॉक यांच्यामधील गॅस्केट अखंड असावे. या तिन्हींपैकी कोठेही गळती झाली की दाब पडतो. निदान म्हणजे या तीन दारांपैकी कोणते उघडे राहिले आहे याचा शोध होय.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. केवळ दाबल्यामुळे तापलेल्या हवेत इंधन पेटते. त्यासाठी जुन्या डिझेल इंजिनांचे संपीडन गुणोत्तर २० : १ च्या आसपास ठेवलेले असे. त्यामुळे डिझेल व्हॅनमध्ये कॉम्प्रेशन कमी झाल्याचे पहिले लक्षण म्हणजे थंडीच्या सकाळी गाडी सुरू न होणे. शेतातील जुने डिझेल पंप-इंजिन हँडलने फिरविणाऱ्यास संपीडनाची ओळख हातानेच होते. डिकॉम्प्रेशनची कळ उचलून धरली की झडप उघडी राहते आणि हँडल हलके फिरते. कळ सोडताच ते जड होते. कळ सोडूनही हँडल हलकेच फिरत राहिले, तर ‘कॉम्प्रेशन गेले’ असे म्हटले जाते.

लक्षणे आणि सारखे दिसणारे इतर दोष

कमी कॉम्प्रेशनचा संशय पुढील लक्षणांवरून घेतला जातो :

• सेल्फ मारल्यावर इंजिन एकसारख्या लयीत न फिरता एखाद्या ठिकाणी सहज निसटल्यासारखे फिरणे.
• उभ्या गाडीत इंजिन थरथरणे आणि एका सिलिंडरने काम न करणे (मिसिंग).
• चालू इंजिनाचे तेल भरण्याचे झाकण काढल्यावर धूर व वाफ जोराने बाहेर येणे. यावरून रिंगांतून गळती होत असल्याचा संशय येतो.
• सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येणे व तेलाची पातळी वारंवार घटणे.
• रेडिएटरमधील पाणी कमी होणे, पाण्यात बुडबुडे दिसणे किंवा इंजिन वारंवार तापणे. ही लक्षणे गॅस्केटकडे बोट दाखवितात.

धुराचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक असते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा झडपांच्या दांड्यांवरील रबरी सील झिजलेले असतात. त्यामुळे तेल जळते, पण कॉम्प्रेशन कमी होत नाही. काळा धूर हा जादा इंधनाचा असतो.

खराब प्लग, तडा गेलेली प्लगची वायर, चुकलेले इग्निशन टायमिंग, चोंदलेला एअर फिल्टर, कार्ब्युरेटरमधील कचरा किंवा त्याच्या बुडाशी हवा ओढली जाणे यांमुळेही गाडीची ओढ कमी होते. ही सर्व कारणे स्वस्तात दूर होणारी असल्यामुळे ती आधी तपासावीत. एका सिलिंडरचे मिसिंग असल्यास त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर तो प्लगचा होता. दोष मूळ जागीच राहिला तर वायर आणि त्यानंतर दाब तपासावा.

दाबमापन

दाबमापनासाठी प्लगच्या जागी बसणारे कॉम्प्रेशन गेज वापरतात. त्यावर दाब किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर (पुढे संक्षेपाने ‘किलो’) किंवा पौंड प्रति चौरस इंच या एककांत दर्शविलेला असतो. १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पौंड. मापनाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. बॅटरी पूर्ण चार्ज आहे आणि इंजिनातील तेलाची पातळी योग्य आहे याची खात्री करावी. बॅटरी कमजोर असल्यास सर्वच आकडे खोटे कमी येतात.
२. इंजिन चालवून नेहमीच्या तापमानाला आणावे व बंद करावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा.
३. इग्निशन कॉइलचा पुरवठा तोडावा. इंजेक्शन प्रणालीच्या गाडीत इंधनपुरवठाही बंद करावा. गाडीला गॅसकिट असल्यास गॅसचा वॉल्व्ह बंद करावा. उघड्या प्लगच्या छिद्रांतून बाहेर येणारे मिश्रण ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून ही पायरी टाळू नये.
४. प्लगभोवतीची धूळ हवेने उडवून सर्व प्लग काढावेत. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, हे लिहून ठेवावे.
५. पहिल्या सिलिंडरवर गेज बसवावे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा. तो दाबला नाही तर इंजिनाला पुरेशी हवाच मिळत नाही आणि निरोगी सिलिंडरही आजारी दिसतो.
६. गेजचा काटा स्थिर होईपर्यंत, साधारण पाच-सहा ठोके, सेल्फ मारावा. पहिल्या ठोक्याचा व अखेरचा असे दोन्ही आकडे नोंदवावेत.
७. सर्व सिलिंडरना तेवढेच ठोके देऊन हीच कृती करावी.

पहिल्या ठोक्याचा आकडाही माहिती देतो. रिंगा झिजलेल्या असल्यास पहिल्या ठोक्याला दाब कमी दिसतो आणि पुढे हळूहळू चढतो. झडप गळत असल्यास तो पहिल्यापासून कमी असतो आणि पुढेही फारसा चढत नाही.

आकड्यांचा अर्थ

निरोगी पेट्रोल इंजिनात साधारणपणे १० ते १३ किलो दाब मिळतो. जुन्या डिझेल इंजिनात तो बहुधा २० ते ३० किलोंच्या दरम्यान असतो. विशिष्ट गाडीसाठी तिच्या उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. निदानाच्या दृष्टीने केवळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक अधिक महत्त्वाचा असतो. सर्वांत जास्त व सर्वांत कमी दाबांतील फरक जास्तीच्या दाबाच्या १० ते १५ टक्क्यांहून अधिक असल्यास दोष मानला जातो.

तीनही सिलिंडरचे दाब ९.५, ९.५ आणि ९ किलो आले, तर इंजिन सारखे झिजलेले आहे. ते कमी शक्तीने का होईना, पण काही काळ चालू शकते. ११.५, ११ आणि ६.५ किलो आले, तर इंजिन झिजलेले नसून एकाच सिलिंडरमध्ये ठळक दोष आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील, तर त्या दोहोंमधील गॅस्केट जळाल्याची शक्यता मोठी असते. सर्वच सिलिंडर एकाएकी सारखे पडले असतील, तर टायमिंग बेल्टचा दात सरकला आहे काय, हे आधी पाहावे.

ठिकाणाच्या उंचीचाही आकड्यांवर परिणाम होतो. सोलापूर जिल्ह्याचा बराच भाग समुद्रसपाटीपासून ४५० ते ५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ५ टक्के कमी असतो आणि गेजवरील आकडाही त्याच प्रमाणात कमी येतो. म्हणजे मुंबईत १२ किलो दाखविणारे इंजिन करकंबला ११.४ किलोंच्या आसपास दाखवील. हा दोष नव्हे. महाबळेश्वरच्या उंचीवर ही घट सुमारे १५ टक्क्यांपर्यंत जाते.

तेल घालून फेरतपासणी

कोरडे मापन दोष असल्याचे सांगते, पण त्याचे स्थान सांगत नाही. त्यासाठी कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या छिद्रातून चहाचा एक चमचा (सुमारे ५ मिली.) इंजिन ऑइल घालतात. सेल्फ मारून इंजिन दोन-तीन फेरे फिरवितात, म्हणजे तेल रिंगांभोवती पसरते. नंतर पुन्हा दाब मोजतात. तेलामुळे रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. झडपा वर असल्याने त्यांच्या गळतीवर तेलाचा परिणाम होत नाही.

• ६.५ किलोंचा दाब १० किलोंपर्यंत चढला, तर दोष रिंगांत किंवा सिलिंडरच्या भिंतीत आहे.
• तो ७ किलोंच्या आसपासच राहिला, तर दोष झडपेत किंवा गॅस्केटमध्ये आहे.

घातलेले तेल ज्वलनकक्षात स्वतःही जागा व्यापते. त्यामुळे निरोगी सिलिंडरमध्येही तेलानंतर दाब थोडा वाढतो. म्हणून हीच कृती एका चांगल्या सिलिंडरवर करून तुलना करावी आणि तेल चमचाभराहून अधिक घालू नये. डिझेल इंजिनात दाबाची जागा अतिशय लहान असल्याने जादा तेलामुळे दट्ट्या अडून कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो. तेथे ही तपासणी टाळलेली बरी. डिझेल इंजिनासाठी पेट्रोलचे गेजही वापरू नये, कारण तेवढा दाब त्याला सोसत नाही.

हवेने गळती शोधणे

दोषाचे नेमके स्थान कानाने शोधण्याची पद्धत याहून खात्रीची आहे. प्लगच्या छिद्रात जोडणी बसवून पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवाही त्यासाठी वापरता येते. तपासायच्या सिलिंडरचा दट्ट्या संपीडनाच्या धावेच्या अगदी टोकाशी आणून, दोन्ही झडपा बंद असताना, हवा हळूहळू सोडतात. हवेच्या दाबाने इंजिन एकदम फिरू शकते. म्हणून हात पंख्यापासून व पट्ट्यांपासून दूर ठेवावेत.

• कार्ब्युरेटरच्या तोंडाशी सूं असा आवाज आल्यास इनलेट झडप गळते.
• सायलेन्सरच्या नळीतून आवाज आल्यास एक्झॉस्ट झडप गळते.
• तेल भरण्याच्या तोंडातून आवाज आल्यास रिंगा गळतात. थोडी गळती येथे नेहमीच असते.
• रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आल्यास गॅस्केट जळालेले किंवा हेडला तडा गेलेला असतो.
• शेजारच्या प्लगच्या छिद्रातून हवा आल्यास दोन सिलिंडरांमधील गॅस्केट जळालेले असते.

कारणे

झडपांचे अंतर : झडप आणि तिला दाबणारा भाग यांमध्ये थोडे अंतर (टॅपेट क्लिअरन्स) असावे लागते. झडपेची बैठक झिजली की झडप वर सरकते, हे अंतर नाहीसे होते आणि तापलेली झडप पूर्ण बंद होत नाही. पेट्रोल इंजिन वायुरूप इंधनावर चालविल्यास बैठकीची झीज अधिक वेगाने होते, म्हणून गॅसवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये टॅपेट अधिक वेळा तपासावे लागतात. वेळीच लक्षात आल्यास फीलर गेजने अंतर लावून घेणे एवढ्यावर काम भागते. दुर्लक्ष झाल्यास अर्धवट उघडी राहिलेली झडप जळते आणि हेड उतरवावे लागते. दाबमापनापूर्वी टॅपेट तपासण्याचा आग्रह धरतात तो यासाठीच.

धूळ : दुष्काळी पट्ट्यातील कच्चे रस्ते, ऊसतोडीच्या हंगामातील वाहतूक आणि उन्हाळ्यातील वावटळी यांमुळे हवेत बारीक, कठीण कण असतात. एअर फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसविलेला असल्यास हे कण रिंगा व सिलिंडर यांच्यामध्ये जाऊन दोहोंना घासतात.

अतितापन : सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पाणी कमी असताना गाडी रेटल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि गॅस्केट जळते. नवे गॅस्केट टाकण्यापूर्वी हेड सरळ पट्टीने तपासून आवश्यक तर घासून घेतले नाही, तर तेही लवकरच जळते.

तेलाकडे दुर्लक्ष : तेल वेळेवर न बदलल्यास रिंगा काजळीने खाचेत अडकून बसतात. अशा अडकलेल्या रिंगांची गळती झिजलेल्या रिंगांसारखीच दिसते.

दुरुस्तीचा निर्णय

निदानानुसार दुरुस्तीचे तीन स्तर पडतात. पहिल्यात टॅपेट लावणे व टायमिंग दुरुस्त करणे ही हेड न उतरविता होणारी कामे येतात. दुसऱ्यात हेड उतरवून झडपांचे ग्राइंडिंग व लॅपिंग, बैठकींची दुरुस्ती आणि नवे गॅस्केट यांचा समावेश होतो. तिसऱ्यात दट्टे बाहेर काढून रिंगा बदलणे किंवा सिलिंडर बोअर करून ०.२५ अथवा ०.५० मिमी. मोठे दट्टे बसविणे हे काम येते. त्यासाठी यंत्रशाळेची गरज असते आणि लहान गावांतून ब्लॉक बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावा लागतो.

झिजलेल्या सिलिंडरमध्ये केवळ नव्या रिंगा टाकल्यास सुधारणा तात्पुरती ठरते, कारण लांबट-गोल झालेल्या भिंतीला गोल रिंग सर्वत्र टेकत नाही. तसेच रिंगा झिजलेल्या इंजिनाचे फक्त हेड नवे केल्यास वरून घट्ट झालेल्या वायूची गळती खाली वाढते व तेल अधिक जळू लागते. दोन्ही चुका तेल घालून केलेल्या फेरतपासणीने टाळता येतात.

खासगी वाहनास नोंदणीनंतर १५ वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी गाडीची स्थिती तपासली जाते. धूर सोडणारे इंजिन प्रदूषण-चाचणीतही अडते. म्हणून मोठा खर्च करण्यापूर्वी गाडीच्या सांगाड्याची स्थिती व नोंदणीची उरलेली मुदत विचारात घेणे इष्ट असते.

नोंद ठेवण्याचे महत्त्व

वर्षातून एकदा दाब मोजून तारीख, किलोमीटर आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा वहीत लिहून ठेवल्यास झीज कोणत्या गतीने होत आहे हे समजते. तीनही आकडे वर्षानुवर्षे सावकाश उतरत असतील तर ते वयाचे लक्षण होय. एकच आकडा अचानक पडला तर तो दुरुस्त होण्याजोगा दोष असतो. मालकाकडे ही नोंद असली, तर ‘इंजिन गेले’ या सल्ल्यावर विसंबून पूर्ण इंजिन उघडण्याऐवजी नेमके कोणते काम करावयाचे हे त्याला मेकॅनिकबरोबर बसून ठरविता येते.